दोन पावत्या

सांगलीच्या विश्रामबागेत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारं एक लहानसं ऑफिस होतं. मालकीणबाईंना सगळेच ताई म्हणायचे. गावोगावचे सचिव, काटे दुरुस्त करणारा मिस्त्री, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले हिशेबनीससुद्धा.

त्यांचं सॉफ्टवेअर वाळवा, पलूस, तासगावकडच्या दूध संकलन केंद्रांवर चालायचं. काम दिसायला साधं. पहाटे पाचला केंद्र उघडतं, किटल्या घेऊन माणसं रांगेला लागतात. दूध काट्यावर जातं, नमुना यंत्रात जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं. त्या दोन आकड्यांवरून दरपत्रकातला भाव काढायचा आणि पावती छापायची. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि स्निग्धांश सोडून उरणारा घन भाग. दुधात पाणी घातलं की हा आकडा उतरतो. त्यामुळे तो कमी लागला की चार पैसे जातातच, शिवाय रांगेतल्या माणसांच्या नजरा किटलीवर येतात. गावात ही गोष्ट लहान नसते.

जुनं सॉफ्टवेअर ताईंनी स्वतः फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पतसंस्था म्हणू नका, सोसायट्या म्हणू नका, जिकडे तिकडे फॉक्सप्रोच होतं. १९९२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टकडे गेलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. ताईंच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीचीही चूक नव्हती, तरी तो म्हातारा होत गेला. नवं विंडोज आलं की अडखळायचा, नवा प्रिंटर आला की रुसायचा. त्यातली मराठी नावं एका फॉन्टच्या खास सांकेतिक पद्धतीत साठवलेली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसायचा. मराठी डीटीपीत काम केलेल्या प्रत्येकानं हे भोगलेलं आहे. आपलीच नावं, पण ती वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

म्हणून २०१९ मध्ये ताईंनी सगळं नव्यानं लिहायचं ठरवलं आणि ते काम वालचंद कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलाकडे दिलं.

मुलगा हुशार होता, हातही झपझप चालणारा. त्यानं एक नावाजलेलं फ्रेमवर्क घेतलं, पडदे भराभर उभे केले. तारखांसाठी एक पॅकेज घेतलं, छपाईसाठी दुसरं, आणि दर काढण्यासाठी नियम लिहून द्यायची सोय असलेलं तिसरं. त्या तिसऱ्यात दरपत्रक भरलं की ते स्वतःच भाव काढून द्यायचं. ताईंनी एकदा त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. पॅकेजांच्या फोल्डरमध्ये हजाराच्या वर नावं होती.

‘‘एवढी तू निवडलीस?’’

‘‘नाही ताई, मी वीस-पंचवीसच घेतली. बाकीची त्यांच्या मागून आली.’’

‘‘म्हणजे ज्यांना बोलावलं त्यांनी आपापले पाहुणे आणले.’’

मुलगा हसला. सगळे असंच करतात, असं त्यानं सांगितलं, आणि ते खरंही होतं. ताई काही बोलल्या नाहीत. सॉफ्टवेअर केंद्रांवर गेलं, चांगलं चाललं, सचिव मंडळी खूश झाली. पावसाळ्यात आणखी काही गावांची भर पडली.

मग एके दिवशी दुपारी एक बाई जिना चढून वर आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी दोन पावत्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक त्यांच्या गावच्या केंद्राची, दुसरी दोन कोसांवरच्या त्यांच्या लेकीच्या गावची. दूध संघ एकच, दरपत्रक एकच, तारीखही एकच.

‘‘आवो ताई, ही माजी, ही लेकीची. दोगींच्या गाई. फॅट बगा, तीन-आट आन् तीन-आट. एसएनएफ बगा, आट-पंचेचाळीस आन् आट-पंचेचाळीस. मग तिला दर जास्ती आन् मला कमी कसा? माज्या दुधात कायबी नसतंय वो.’’

ताईंनी दोन्ही पावत्या उचलून खिडकीपाशी नेल्या. आकडे बाई म्हणत होत्या तसेच होते.

‘‘मावशी, तुमच्या दुधात काही नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आमच्यात आहे. बसा, चहा घ्या.’’

चूक सापडायला संध्याकाळ झाली. ती सविस्तर सांगतो, कारण असल्या चुका जिथं दबून बसतात ती जागा ओळखता यायला हवी. यंत्र एसएनएफ दोन दशांश स्थळांपर्यंत देतं, दरपत्रक एकाच स्थळाचं. म्हणून ८.४५ चा ८.४ करायचा की ८.५, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आता ८.४५ हा आकडा संगणकाच्या बायनरी पद्धतीत नेमका मावत नाही. आत तो ८.४४९९९... असा, केसभर कमी साठवला जातो. जावास्क्रिप्टमध्ये तो सरळ एका दशांशावर आणला तर ८.४ मिळतो. तोच आकडा आधी १० नं गुणला, जवळचा पूर्णांक घेतला आणि मग १० नं भागला, तर गुणाकारात ती केसभर तूट भरून निघते, ८४.५ येतात, त्याचे ८५ होतात, आणि हाती ८.५ लागतो. दोन्ही रीती पाठ्यपुस्तकात शोभतील अशा. दर काढणाऱ्या पॅकेजच्या कर्त्यांनी मधल्या एका छोट्या अपडेटमध्ये दुसरी रीत सोडून पहिली धरली होती. मुलानं पॅकेजच्या आकड्यापुढं काकपदाचं चिन्ह तसंच राहू दिलं होतं. त्या चिन्हाचा अर्थ, मुख्य आवृत्ती तीच असेपर्यंत नवी येईल ती आपोआप घ्या. नेमकी आवृत्ती बांधून ठेवणारी फाइल केंद्रावर पाठवलीच जात नव्हती. जुन्या केंद्रांवर जुनी रीत होती, पावसाळ्यात जोडलेल्या केंद्रांवर नवी. मावशींचं केंद्र पावसाळ्यातलं.

कर्त्यांचा दोष नव्हता. सांगली जिल्ह्यातली गाय त्यांच्या डोळ्यांसमोर असायचं कारणच नव्हतं. आणि संघाच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं: अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा आकडा धरावा. प्रत्येक सचिवाला ते तोंडपाठ होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. परक्या कोडला योगायोगानं ते जमत होतं, आणि एक दिवस जमेनासं झालं.

फरकाची रक्कम काढली, पुढच्या दहा दिवसांच्या बिलात सगळ्यांच्या खात्यांवर जमा करायला लावली. ताई स्वतः त्या गावांत जाऊन सचिवांसमोर बसल्या. मुलगाही बरोबर होता. परतताना एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. माधवनगरच्या आसपास अचानक म्हणाला, ‘‘ताई, सगळं काढून टाकतो. एकही बाहेरचं पॅकेज नको. फ्रेमवर्क नको, काही नको. सगळं आपण लिहू. जे आपण लिहिलं नाही त्याचा भरवसाच नाही.’’

त्याच्या बोलण्यात शरम होती, आणि शरमेतून आलेल्या निश्चयाला लगेच नाही म्हणू नये, हे ताईंना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, ‘‘बरं. मग पावतीपासून सुरुवात कर. छपाईची लायब्ररी काढ आणि मराठी पावती स्वतः छापून दाखव.’’

पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर इंग्रजी अक्षरं जाणतो, देवनागरी जाणत नाही. त्याला मजकुराचं चित्र करून द्यावं लागतं. मुलाला वाटलं, त्यात काय आहे? फॉन्टमधून एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत मांडायचं. त्यानं तसं केलं आणि पावतीवर ‘किटली’ छापायला घेतलं. वेलांटी ‘क’च्या नंतर, ‘ट’ला चिकटून आली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि कागदावर आधी काढायची असते, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. नियम लिहिला: वेलांटी दिसली की एक अक्षर मागे न्या. मग ‘स्थिती’ बिघडली, कारण तिथं एक नव्हे, अख्खं जोडाक्षर ओलांडून मागं जायचं होतं. तो नियम सुधारला. मग रफार आला. ‘सूर्य’ लिहिताना र आधी येतो आणि छापताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘मूर्ती’त तो वेलांटीच्याही पलीकडं जातो. ‘प्र’मध्ये तोच र पोटात तिरका होतो, ‘ट्र’मध्ये खाली बसतो. हे सगळं कसंबसं जमवल्यावर त्यानं पावतीचं शीर्षक टाकलं, ‘शेतकऱ्याचे नाव’, आणि तिथं पुन्हा अडला. हा र डोक्यावर जात नाही, पोटातही शिरत नाही. तो य किंवा ह च्या आधी आडव्या वेलबुट्टीसारखा येतो, आणि मराठीला तो पदोपदी लागतो: दुसऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, शेतकऱ्या.

दिवस चालले. एक नियम लिहिला की दुसरा मोडायचा. शेवटी त्यानं हार्फबझ नावाच्या लायब्ररीचा कोड वाचायला घेतला. अक्षरं जुळवण्याचं हेच काम ती करते, आणि क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस अशा सगळ्यांत तीच बसलेली आहे. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी, कितीतरी लिप्या. त्यात रफारासाठी एक पायरी होती, वेलांटीसाठी वेगळी, आणि या ऱ्यासाठीही स्वतंत्र विचार केलेला होता. त्या प्रत्येक ओळीमागं कुणाची तरी अडलेली ‘पावती’ होती. कुणीतरी, कुठल्या तरी देशात बसून, आपल्या लिपीचं एक जोडाक्षर मोडलेलं पाहिलं होतं, कळवलं होतं, आणि ते दुरुस्त होऊन सर्वांना मिळालं होतं. मुलगा रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसला.

सकाळी त्यानं आपला कोड बाजूला ठेवला आणि हार्फबझ लावलं. पावती अचूक निघाली. फक्त ल आणि श हिंदी वळणाचे आले. मराठी वळणाचे ल आणि श त्या फॉन्टमध्ये होते, पण मजकूर मराठी आहे हे लायब्ररीला सांगावं लागतं. ते सांगणारी एक ओळ त्यानं घातली. मला ही एक ओळ फार मोलाची वाटते. जगानं कितीही जमवून ठेवलेलं असो, आपण कोण आहोत हे त्याला आपणच सांगायचं असतं.

ताईंनी पावती हातात घेतली, अंगठा ‘शेतकऱ्याचे’वरून फिरवला.

‘‘म्हणजे मी त्या दिवशी एसटीत म्हणालो ते चूक होतं,’’ मुलगा म्हणाला. ‘‘बाहेरचंच घ्यायचं.’’

‘‘तेही नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आपला डेटाबेस कुठला रे?’’

‘‘एसक्यूलाइट.’’

‘‘तो कसा झाला, वाचलंयस कधी?’’

त्यानं वाचलं नव्हतं. ताईंनी सांगितलं ते असं.

डी. रिचर्ड हिप नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर २००० च्या सुमारास तिथल्या नौदलाच्या विनाशिकेसाठी लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. जहाजाला इजा झाली, एखादी नळी फुटली, तर कुठली झडप बंद करायची हे त्या सॉफ्टवेअरनं सांगायचं. माहिती साठवायला इन्फॉर्मिक्स हा नावाजलेला डेटाबेस होता. तो वेगळ्या सर्व्हरवर चालायचा. तो सर्व्हर बंद पडला की हिपचा प्रोग्रॅम ठणठणीत असूनही स्क्रीनवर एकच निरोप यायचा: डेटाबेसशी संपर्क होत नाही. निरोप दाखवणारी खिडकी हिपच्या प्रोग्रॅमची, म्हणून दोष त्याच्या माथी. त्याला वाटलं, या प्रोग्रॅमला एवढा मोठा सर्व्हर लागतोच कशाला? त्याला माहिती फक्त वाचायची आहे. ती डिस्कवरच्या एका फाइलमधून थेट का वाचू नये?

‘‘मग त्यानं सगळं स्वतः लिहिलं,’’ मुलगा म्हणाला.

‘‘थांब. पहिल्या फटक्यात नाही.’’ २००० च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीत माहिती प्रत्यक्ष फाइलीत ठेवण्याचं काम जीडीबीएम या तयार लायब्ररीकडं होतं. वरचा भाग, एसक्यूएल समजून घेणारा, त्याचा स्वतःचा. काम करता करता त्याला कळलं की खालच्या थराकडून आपल्याला हवं ते मिळत नाही. त्या लायब्ररीत माहिती क्रमानं लागत नव्हती. एखादा बदल अर्धवट राहिला तर मागं फिरण्याची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची, सोय नव्हती. तेव्हा, २००१ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत त्यानं तो थर काढला आणि स्वतः लिहिला. एसक्यूएलचं व्याकरण सोडवणारं साधनही त्याचं स्वतःचं. पुढं २००९ मध्ये त्याच्या चमूनं कोड सांभाळण्याची व्यवस्थासुद्धा आपलीच वापरायला सुरुवात केली. पण सी भाषा त्यानं बनवली नाही, कंपायलर बनवला नाही, ऑपरेटिंग सिस्टिम बनवली नाही.

‘‘आणि स्वतः लिहिलं ते कसं सांभाळलं, ते बघ,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मूळ कोडच्या पाचशे पटींहून जास्त कोड नुसता त्याच्या चाचण्यांचा आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर काय होईल, याचं सोंग आणून त्या चाचण्या चालवतात. २०५० पर्यंत सांभाळू असं सांगून बसलेत ते लोक. आपल्या गावात पहाटे लाइट जाते आणि तरी रात्रीचा हिशेब शाबूत राहतो, तो त्यामुळं. स्वतः लिहिणं म्हणजे हे. तुझी तयारी आहे?’’

मुलानं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, ‘‘डेटाबेसची नाही.’’

‘‘दराची?’’

‘‘दराची आहे.’’

‘‘मग तेवढं लिही.’’

त्यानं ते लिहिलं. त्यासाठी एका जुन्या संस्थेचे सचिव चार दिवस ऑफिसात येऊन बसले. संघाची परिपत्रकं त्यांनी कापडी दस्तरात बांधून आणली होती. कोड फार मोठा झाला नाही. दशांश चिन्ह त्यानं आत शिरूच दिलं नाही. एसएनएफ ८.४५ असेल तर आत ८४५ हा पूर्णांक, पैसे असतील तर पैशांतच, रुपयांत नाही. ८४५ मध्ये ५ मिळवायचे, १० नं भागायचं, बाकी सोडून द्यायची, ८५ उरतात. परिपत्रकातलं ‘अर्धा किंवा त्याहून जास्त’ एवढ्या एका ओळीत आलं आणि त्या ओळीच्या वर परिपत्रकाचा क्रमांक आला. मग जुन्या पावत्यांचे गठ्ठे आणले आणि कोडला एकेक आकडा घालून जुना दर आणि नवा दर ताडून पाहिला. सचिवांनी दोन ठिकाणी कोड चुकलेला दाखवला आणि एका ठिकाणी स्वतःचीच जुनी पावती चुकलेली निघाली म्हणून वही काढून नोंद केली.

उरलेल्या पॅकेजांची पंचाईत मात्र बरेच दिवस चालली. ताई प्रत्येकाला एकच प्रश्न लावायच्या: हे पहाटे पाचला मोडलं, तर रांगेतल्या माणसाला कोण उत्तर देणार, आणि काय? काही पॅकेजांचं काम इतकं किरकोळ होतं की त्यांना ठेवण्यात अर्थच नव्हता. आकड्याच्या डावीकडं शून्य भरणारं एक पॅकेज निघालं, तेव्हा मुलानं स्वतःहून २०१६ ची हकिगत सांगितली. लेफ्ट-पॅड नावाचं असंच एक अकरा ओळींचं पॅकेज होतं. एका नावावरून कर्त्याचा, ही पॅकेजं जिथून मिळतात त्या एनपीएमशी वाद झाला आणि त्यानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्या अकरा ओळींवर उभे असलेले जगभरचे प्रकल्प तासाभरात अडले, रिअॅक्ट आणि बॅबेलसारखे मोठेसुद्धा. एनपीएमला ते पॅकेज आपल्या अधिकारात परत आणावं लागलं. ‘‘हे आधीच माहीत होतं तुला?’’ ताईंनी विचारलं. माहीत होतं. वाचताना गंमत वाटली होती, आपल्या फोल्डरकडं बघावंसं वाटलं नव्हतं.

सांकेतिक सुरक्षेचं पॅकेज राहिलं, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. पासवर्ड जपण्याची रीत घरी शोधणं हा धाडसाचा विषयच नव्हे. हार्फबझ राहिलं. जी राहिली त्यांच्या आवृत्त्या बांधून टाकल्या. त्यांना हाक मारायची ती एकाच फाइलीतून, म्हणजे उद्या बदलायची वेळ आली तर शंभर ठिकाणी शोधायला नको. लायसन्स वाचले. शेवटची दुरुस्ती कधी झाली, एकटा माणूस सांभाळतो की चौघे, हेही पाहिलं.

खरा वाद झाला तो पडद्यांच्या फ्रेमवर्कवरून. मुलाला ते आता नको होतं. त्याला त्याच्या निम्म्या सोयीही लागत नव्हत्या, आणि चार महिन्यांत आपण आपल्यापुरतं सुटसुटीत लिहू अशी त्याची खात्री होती. तो लिहूही शकला असता. ताईंनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. फॉक्सप्रोच्या काळात त्यांनी मेन्यू, फॉर्म, अहवाल यांसाठी स्वतःचं एक फ्रेमवर्क रचलं होतं. देखणं होतं, वेगवान होतं. पण ते एकट्या ताईंना कळायचं. हाताखाली आलेली मुलं शिकता शिकता कंटाळून गेली. ताईंना टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात वही मागवून त्यांनी एका फॉर्मची दुरुस्ती सांगितली होती.

‘‘आपण लिहिलेलं आपलंच राहतं असं वाटतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण लिहिणारा उठून गेला की उरलेल्यांना ते बाहेरचंच. उलट हे फ्रेमवर्क. त्याच्यावर पुस्तकं आहेत, कॉलेजातली पोरं शिकून येतात, एखादी गोष्ट अडली तर विचारायला दहा जण सापडतात. पडद्यावर बटण डावीकडं आहे की उजवीकडं, यावर कुणाची इभ्रत अवलंबून नाही. ते राहू दे. फक्त दराचा कोड त्याच्यात मिसळू नकोस. उद्या फ्रेमवर्क गेलं तर दर जागेवर राहिला पाहिजे.’’

मला वाटतं, ताईंना हे पटवून देता आलं कारण त्या दोन्ही बाजूंनी भाजून निघाल्या होत्या. फॉक्सप्रोनं त्यांना बाहेरच्याचा हिसका दाखवला होता आणि स्वतःच्याच फ्रेमवर्कनं घरच्याचा. नुसतं तत्त्व म्हणून बोलणारा माणूस एका बाजूला कलतो. मुलानं मान्य केलं, थोडं नाराजीनंच.

तीन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी मिळाली. त्याच्या जागी एक मुलगी आली. पडद्यांचं फ्रेमवर्क तिला येत होतं, पहिल्या आठवड्यातच तिनं त्यात एक दुरुस्ती केली. दराची फाइल घेऊन मात्र ती सचिवांकडं जाऊन बसली, परिपत्रकं चाळली, जुन्या पावत्यांच्या चाचण्या एकदा बंद करून आणि पुन्हा चालू करून पाहिल्या. मग तिला एक फाइल सापडली जिचं प्रयोजन तिला कळेना. पैशाच्या रकमेचे इंग्रजी आकडे मराठी करणं आणि लाख-कोटींच्या रीतीनं स्वल्पविराम घालणं, एवढंच काम ती करत होती. तिनं पुण्याला फोन लावला.

‘‘दादा, हे तुम्ही स्वतः का लिहिलंय? हे तर जावास्क्रिप्टमध्ये आता आयतं आहे. मराठी म्हणून सांगितलं की १,००,००० तसंच येतं, मराठी आकड्यांत. तुमच्या फाइलीत ऋण रकमेला चुकतं पण.’’

‘‘चुकतं?’’ तो म्हणाला. त्यानं तिला उदाहरण विचारून घेतलं. ‘‘बरोबर आहे तुझं. काढून टाक. पण थांब, एक बघ. सगळ्या केंद्रांवर नोडची आवृत्ती कुठली आहे?’’

तिनं पाहिलं. केंद्रांवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या या नोडची आवृत्ती बहुतेक ठिकाणी नवी होती. तीन गावांत मात्र अजून विंडोज ७ होतं, तिथं नोड १४ बसत नाही, म्हणून १२ वरच अडलेलं. आणि १३ च्या आधीच्या नोडमध्ये इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषांची माहिती भरलेलीच नसे. तिनं त्या तीनपैकी एका केंद्रावर नवी रीत चालवून पाहिली. पावतीवर आकडे इंग्रजी आले आणि स्वल्पविराम हजार-दशलक्षाचे.

ताईंना तिनं दोन्ही छापील पावत्या दाखवल्या. ताईंनी विचारलं, ‘‘मग काय करायचं म्हणतेस?’’

‘‘ऋण रकमेची चूक आज दुरुस्त करते. फाइल ठेवते. या तीन गावांचे संगणक दिवाळीनंतर बदलणार आहेत म्हणे. ते बदलले की काढते.’’

तिनं दुरुस्ती केली, तिची चाचणी लिहिली, आणि फाइलीच्या अगदी वर तीन गावांची नावं टाकून मराठीत एक ओळ लिहिली: यांची यंत्रं बदलली की ही फाइल काढावी. मग पुण्याला तसं कळवलं आणि पुढच्या कामाला लागली.